प्रस्तावना : दुसरं कार्ड कशासाठी?

१ जानेवारी २०२१पासून एनव्हिडिया कंपनीनं आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइलं काढणं थांबवलं. तसं तिनं आधीच जाहीर केलं होतं, आणि त्या बातमीनं कुणी फारसं हळहळलंही नाही. एएमडीनं तर २०१७ साली, व्हेगा कार्डांच्या वेळीच, क्रॉसफायर हे नाव बाजूला ठेवलं होतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं जोडायची आणि गेम जास्त वेगानं पळवायचा, ही १९९८ साली सुरू झालेली हौस कंपन्यांनी स्वतःच्या हातानं संपवली.

मग आता त्याच विषयावर पुस्तक कशाला? कारण दुसरं कार्ड मागणारी माणसं संपलेली नाहीत, ती बदलली आहेत. पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘याच्या जोडीला असंच अजून एक’ म्हणून विचारणारा गेम खेळणारा असे. आता तेच विचारणारा ब्लेंडरमध्ये अ‍ॅनिमेशन करणारा असतो, पीएचडीचा विद्यार्थी असतो, किंवा अशिलांची कागदपत्रं परक्या सर्व्हरवर पाठवायची नाहीत म्हणून भाषा-मॉडेल घरीच चालवू पाहणारा वकील असतो. स्लॉट तोच, एसएमपीएस तसाच, कार्डही पुष्कळदा तेच. मागणी मात्र उलटी झाली आहे.

ती कशी उलटी झाली, ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं पुस्तक त्यावरच उभं आहे. एसएलआयच्या काळात दोन कार्डं घेणाऱ्याला वेग दोघांचा हवा असे आणि मेमरी एकाचीच मिळे. आज भाषा-मॉडेलसाठी दोन कार्डं घेणाऱ्याला मेमरी दोघांची मिळते आणि वेग साधारण एकाचाच. पहिला व्यवहार फसला, दुसरा चालला. दोन्हींच्या मधे ब्लेंडरसारखी थोडी भाग्यवान कामं आहेत. तिथे वेग खरोखरच दुपटीच्या जवळ जातो, मात्र मेमरी एकाचीच राहते. आपलं काम या तिघांपैकी कोणत्या खान्यात बसतं, हे ज्याला कळलं त्याला उरलेली प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचता येतील.

इतिहास थोडा सविस्तर सांगणार आहे. हौशी मंडळी एसएलआयच्या अपयशाचं खापर कंपन्यांच्या लोभावर आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या आळसावर फोडतात. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पण खरं कारण कामाच्या स्वभावात आहे, आणि ते समजलं की आजची खरेदीही सोपी होते.

सुरुवात चांगली झाली होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या थ्रीडीएफएक्स कंपनीनं १९९८ साली व्हूडू २ हे कार्ड आणलं. ते फक्त त्रिमितीय चित्र काढायचं. विंडोजचा नेहमीचा पडदा दाखवायला वेगळं कार्ड लागायचंच. त्यामुळे दोन व्हूडू २ लावणाऱ्याच्या कॅबिनेटमध्ये खरं तर तीन कार्डं असत. दोन्ही व्हूडू एका छोट्या रिबन केबलनं जोडायची, मग पडद्यावरच्या सम ओळी एक कार्ड काढी आणि विषम ओळी दुसरं. एका कार्डावर ८०० बाय ६००पर्यंत जाणारं चित्र दोघांवर १,०२४ बाय ७६८पर्यंत जाई. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता.

हे जमलं, कारण त्या वेळच्या कार्डाकडे कामच थोडं होतं. वस्तू कुठे आहे, कॅमेरा कुठे वळला, त्रिकोणांचे कोपरे कुठे येतात, हा हिशेब मुख्य प्रोसेसर करायचा. कार्डानं शेवटी येऊन ठिपके रंगवायचे. एक ओळ रंगवताना शेजारच्या ओळीत काय रंगवलंय हे विचारायची गरज नसे. काम आपसूकच दोन भागांत पडत होतं, आणि दोन कार्डांना एकमेकांशी बोलायला फारसं काही नव्हतं. मेमरीची अडचण मात्र तेव्हाही होती. चित्राची जागा दोघांत वाटली जाई, पण भिंती, दगड, कातडी यांचे पोत दोन्ही कार्डांवर पूर्ण ठेवावे लागत. जुळ्या भावंडांना पाठ्यपुस्तकांचे दोन संच घ्यावे लागतात तसंच ते होतं: पुस्तकं दुप्पट, विषय तेवढेच.

पुढे एजीपी स्लॉट रुळला आणि मदरबोर्डवर ग्राफिक्ससाठी एकच जागा उरली. तेव्हा कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिप्स बसवून पाहिल्या. १९९९ साली एटीआयचं रेज फ्युरी मॅक्स आलं, २००० साली थ्रीडीएफएक्सचं व्हूडू ५ ५५०० आलं. एटीआयच्या त्या कार्डाची दुसरी चिप विंडोज २०००ला वापरताच येत नसे; एवढं सांगितलं की त्या पर्वाबद्दल पुरे. डिसेंबर २०००मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता घेत असल्याचं एनव्हिडियानं जाहीर केलं, आणि २००४ साली पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आल्यावर एसएलआय ही थ्रीडीएफएक्सचीच तीन अक्षरं नवा अर्थ देऊन पुन्हा बाजारात आणली. जीफोर्स ६८०० अल्ट्राच्या जोड्या, मधे एक पूल, आणि त्यासाठी खास मदरबोर्ड. पुढच्याच वर्षी एटीआयनं क्रॉसफायर आणलं. त्यात एक कार्ड खास ‘मास्टर’ घ्यावं लागे, आणि ती दोन कार्डं कॅबिनेटच्या मागच्या बाजूनं एका जाड केबलनं जोडावी लागत.

या सहा वर्षांत कार्डाचं काम पार बदललं होतं. भूमितीचा हिशेब आता त्याच्याकडेच आला होता. एका फ्रेमचे वरचा-खालचा असे दोन भाग केले तरी त्यातल्या वस्तू दोन्ही भागांत डोकावतात, म्हणून तो हिशेब दोन्ही कार्डांना पुन्हा करावा लागे. वर आकाश आणि खाली जंगल असलं की वरचं कार्ड लवकर मोकळं होऊन वाट पाहत बसे. म्हणून कंपन्यांनी सोपा मार्ग धरला: पहिली फ्रेम एका कार्डानं काढायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी पुन्हा पहिल्यानं. मासिकांतल्या तक्त्यांमध्ये आकडे झपाट्यानं वर गेले. सेकंदाला ३५ फ्रेम देणारा गेम ६०वर गेला की वाचक खूश आणि दुकानदारही.

गोम अशी की सरासरी ६० फ्रेम म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम, असं मुळीच नसतं. दोन कार्डांची पावलं जुळली नाहीत तर एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी येते आणि पुढची २८ मिलिसेकंदांनी. सरासरी तीच राहते, डोळ्याला मात्र चित्र अडखळल्यासारखं दिसतं. खेळणारे ही तक्रार वर्षानुवर्षं करत होते आणि तक्ते दाखवून त्यांना गप्प केलं जात होतं. २०११ साली टेक रिपोर्ट या नियतकालिकाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमला लागलेला वेळ मोजून छापला, आणि वाद मिटला. २०१३मध्ये एनव्हिडियानं पडद्यावर प्रत्यक्ष पोचणाऱ्या फ्रेम मोजायचं साधन समीक्षकांना दिलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एएमडीला फ्रेमची पावलं जुळवणारा ड्रायव्हर काढावा लागला. माझ्या मते हार्डवेअरच्या पत्रकारितेतली ही फार मोलाची कामगिरी आहे. तिची आठवण ठेवायला हवी, कारण आजही विक्रीच्या जाहिरातीत सरासरीच छापतात.

पावलं जुळल्यावरही एक उणीव उरलीच. आळीपाळीच्या पद्धतीत एकेका फ्रेमला लागणारा वेळ कमी होत नाही. माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर तसाच राहतो. म्हणजे वाढायची ती फ्रेमची संख्या, हाताला जाणवणारी चपळाई नव्हे. शेवटचा घाव गेमच्या इंजिनांनी घातला. कडा गुळगुळीत करण्यासाठी आणि प्रकाशाचा हिशेब स्वस्तात उरकण्यासाठी नवी इंजिनं आधीच्या फ्रेममधली माहिती पुन्हा वापरू लागली. आधीची फ्रेम तर दुसऱ्या कार्डावर! मग ती स्लॉटमधून इकडे येईपर्यंत थांबा. ज्या पद्धतीचा पायाच ‘दोन सलग फ्रेमचा एकमेकींशी संबंध नाही’ या गृहीतकावर होता, तिथे आता प्रत्येक फ्रेम मागचीवर टेकू लागली.

२०१५च्या डायरेक्टएक्स १२नं दोन कार्डांत काम वाटायची जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून गेम लिहिणाऱ्यांकडे दिली. अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेमनं तर एएमडी आणि एनव्हिडियाची कार्डं एकत्र चालवूनही दाखवली. करता येतं हे सिद्ध झालं, पण मूठभर ग्राहकांसाठी महिनोन्‌महिने खपायला फारसं कुणी तयार झालं नाही. जीटीएक्स १०६०ला एसएलआय नव्हतंच. ३० मालिकेत ते ३०९०च्या वरच्या टोकापुरतं उरलं, आणि २०२२च्या ४०९०वर पुलाची जागाही राहिली नाही.

आपल्याकडे एक सल्ला या काळात फार चाले: ‘आत्ता एक घे, पैसे साठले की तसंच दुसरं घे.’ ऐकायला शहाणपणाचा वाटणारा हा सल्ला व्यवहारात क्वचितच फळला. पैसे साठेपर्यंत दोन वर्षं जात. तोवर तेच मॉडेल नवं मिळेनासं होई, आणि तेवढ्याच पैशांत आलेलं पुढच्या पिढीचं एकटं कार्ड जुन्या जोडीच्या बरोबरीनं, कमी विजेत, न अडखळता पळे. गेमसाठी दुसरं कार्ड घेऊ नये, हा या पुस्तकाचा निकाल आहे आणि त्याला अपवाद फार थोडे आहेत. एक कार्ड गेम चालवतं आणि दुसरं फक्त मधल्या फ्रेम तयार करून भरतं, असा लॉसलेस स्केलिंगसारखा नवा प्रयोग मंडळी करतात, त्याची नोंद पुढे घेतली आहे. ५० मालिकेच्या कार्डांमधून ३२-बिट फिझएक्सचा आधार २०२५मध्ये गेला, तेव्हा काहींनी जुन्या गेमसाठी जुनं कार्ड पुन्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, तीही नोंद आहे. या दोन नोंदींपुढे मला या बाजूला काही सांगायचं नाही.

आता दुसरी बाजू, आणि तिची सुरुवात अक्षरशः घरातली आहे. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातला विद्यार्थी अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की आईवडिलांच्या घरी, आपल्या झोपायच्या खोलीत एक कॉम्प्युटर चालवत होता. त्यात जीटीएक्स ५८० जातीची, प्रत्येकी ३ जीबी मेमरीची दोन कार्डं होती. गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेली, बाजारात मिळणारी. या जोडीवर त्यानं एका न्यूरल नेटवर्कला इमेजनेटमधली १२ लाख छायाचित्रं दाखवून वस्तू ओळखायला शिकवलं. एका शिक्षणाला पाच ते सहा दिवस लागत. इल्या सट्स्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन सोबत होते. त्या वर्षीच्या स्पर्धेत या नेटवर्कची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. आज ज्याला आपण एआयची लाट म्हणतो तिचं एक उगमस्थान म्हणजे ती खोली.

या पुस्तकाच्या दृष्टीनं त्या कथेतला मोलाचा तपशील वेगळाच आहे. दोन कार्डं कशासाठी लागली? त्यांच्या शोधनिबंधात उत्तर स्पष्ट आहे: एका कार्डाच्या ३ जीबीत नेटवर्क मावत नव्हतं. म्हणून त्यांनी ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलं, आणि दोन अर्ध्यांनी ठरावीक थरांवरच एकमेकांशी बोलायचं अशी रचना केली. बाकीच्या थरांत प्रत्येक कार्ड आपल्यापुरतं पाहणार. बोलणं महाग आहे हे ओळखून त्यांनी नेटवर्कचा आकारच बदलला. त्यातून एक गंमतही झाली. पहिल्या थरात एका कार्डावरचे घटक कडा आणि रेघा ओळखायला शिकले, रंगांकडे त्यांचं फारसं लक्ष नाही. दुसऱ्या कार्डावरचे रंगांकडे वळले. कुणी सांगितलं नव्हतं, पण दर वेळी नेटवर्क नव्यानं शिकवलं तरी अशी वाटणी होतच राहिली. निबंधातली ती आकृती मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. दोन कार्डांमधली भिंत शिकलेल्या नेटवर्कमध्ये उमटलेली तिच्यात दिसते.

जागा कमी पडली म्हणून दुसरं कार्ड, हा हिशेब २०२३पासून घरोघरच्या टेबलांवर आला. त्या वर्षी मेटाचं लामा हे भाषा-मॉडेल लोकांच्या हाती पडलं, आणि मार्चमध्ये जॉर्जी गेरगानोव्ह यांचा लामा डॉट सीपीपी हा प्रोग्राम आला. त्यानं अशी मॉडेलं साध्या कॉम्प्युटरवर चालवणं सोपं केलं. ७० अब्ज आकड्यांचं मॉडेल घ्या. एकेक आकडा दोन बाइटचा धरला तर १४० जीबी झाले. आकडे घासून चार-चार बिटांत बसवले तरी वरखर्चासकट साधारण ४० जीबी लागतातच. ३०९०वर मेमरी २४ जीबी. एकात मावत नाही, दोघांत मावतं. दुकानातल्या कोणत्याही भाषणापेक्षा ही वजाबाकी जास्त बोलते.

दोन कार्डांवर मॉडेल ठेवायची साधी रीत म्हणजे थर वाटून देणं. लामा २च्या ७० अब्जवाल्या मॉडेलात ८० थर आहेत. ४० इकडे, ४० तिकडे. पहिलं कार्ड आपले थर संपवतं, निघालेले ८,१९२ आकडे दुसऱ्याकडे सोपवतं, मग दुसरं पुढे नेतं. दोन बाइटप्रमाणे हे ओझं झालं १६ किलोबाइट, तेही एका टोकनमागे, म्हणजे शब्दाच्या एका तुकड्यामागे. पीसीआय एक्सप्रेसची अगदी अरुंद वाटही त्याला पुरून उरते. पूल नको, खास मदरबोर्ड नको, सारखी कार्डंही नकोत. एक ३०९० आणि एक ३०६० असली विजोड जोडीही चालते, फक्त ज्याची मेमरी मंद त्याच्या थरांना वेळ जास्त लागतो.

पण या रीतीत एक कार्ड काम करत असताना दुसरं रिकामं असतं. टोकन तयार करायला मॉडेलचे सगळे आकडे एकदा वाचावे लागतात. ३०९०ची मेमरी सेकंदाला ९३६ जीबी वाचते, म्हणजे ४० जीबीला ४३ मिलिसेकंद. कागदावर सेकंदाला २३ टोकनं, प्रत्यक्षात त्याहून कमी. कार्डं दोन असली तरी वेग एकाचाच. इथे नाराज व्हायचं कारण नाही, कारण तुलना ‘एक ३०९० विरुद्ध दोन’ अशी करायचीच नसते. एकाच कार्डावर न मावलेले १८ जीबी कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये गेले, तर डीडीआर४ रॅम दोन चॅनेलवरही सेकंदाला जेमतेम ५१ जीबी देते, आणि वेग तीन टोकनांच्याही खाली येतो. दुसऱ्या कार्डानं ही घसरण टाळली, आणि त्याचे पैसे त्याबद्दलच.

दोन्ही कार्डांना एकाच वेळी कामाला लावायची रीतही आहे. प्रत्येक थराचेच दोन भाग करायचे. मग दोघांना थरागणिक आपापली उत्तरं जुळवावी लागतात आणि स्लॉटची रुंदी, ३०९०चा एनव्हीलिंक पूल, मदरबोर्डची जात या सगळ्याला एकदम महत्त्व येतं. या रीतीवर एक अख्खं प्रकरण आहे. घाई असलेल्या वाचकानं ते पहिल्या वाचनात सोडून दिलं तरी अडणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती सापडणार नाही. मॉडेलला मजकूर टोकनांत तोडून द्यावा लागतो, आणि इंग्रजी नजरेसमोर ठेवून घडवलेल्या मॉडेलांत देवनागरी शब्दाचे तुकडे फार पडतात. लामा २मध्ये साध्या मराठी शब्दाचा जवळजवळ अक्षरागणिक भुगा होतो; लामा ३पासून परिस्थिती सुधारली आहे. जुना मजकूर लक्षात ठेवायला लामा २च्या त्या मोठ्या मॉडेलला टोकनमागे सुमारे ३२० किलोबाइट लागतात. म्हणजे त्याच लांबीच्या इंग्रजी लेखापेक्षा मराठी लेखाला कार्डावर जास्त जागा लागते, आणि उत्तरही सावकाश येतं. इंग्रजी वाचकासाठी ‘हे मॉडेल २४ जीबीत आरामात बसतं’ असं लिहिलेलं असेल, तर मराठीसाठी त्यातला ‘आरामात’ वगळून वाचा.

ब्लेंडरवाल्यांची गोष्ट थोडक्यात. सायकल्स या रेंडररमध्ये प्रकाशाचा एक किरण दुसऱ्या किरणाला काही विचारत नाही, त्यामुळे काम हवं तसं वाटता येतं. सारखी दोन कार्डं लावली की वेळ जवळजवळ निम्मा होतो. एसएलआयनं जे कबूल केलं ते इथे खरोखर मिळतं. अट एवढीच की अख्खा देखावा प्रत्येक कार्डावर मावला पाहिजे. १२ जीबीची दोन कार्डं आहेत म्हणून २० जीबीचा देखावा चढवायला जाऊ नका.

आता घराबद्दल. शीर्षकातला ‘कशासाठी’ सुटला की ‘कुठे’चा प्रश्न येतो, आणि परदेशी पुस्तकं इथे आपल्या कामाची नाहीत. दोन ३०९० पूर्ण भरात चालल्या की नुसत्या कार्डांचे ७०० वॅट. प्रोसेसर, पंखे आणि एसएमपीएसची गळती धरून भिंतीतून ९०० ते १,००० वॅट ओढले जातात. म्हणजे तासाला जवळपास एक युनिट. साधा ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतचा, तेव्हा कागदावर हे बसतं. पण त्याच पॉइंटवर एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डावर मॉनिटर आणि राउटर, भिंतीत तीस वर्षांपूर्वीची वायर आणि अर्थिंग नावापुरतं, अशी स्थिती असेल तर कागद बाजूला ठेवा. एसीला देतात तसा १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. शिवाय ३०९० क्षणभरासाठी ३५० वॅटच्या बरीच वर उडी मारते. दोघींनी एकदम मारली की बेताचा एसएमपीएस बंद पडतो. १,२०० वॅटच्या खाली मी कुणाला घेऊ देत नाही. आणि घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, तो या मशीनला लावू नये. लोडशेडिंगच्या गावात तर नाहीच नाही.

ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून हे मशीन जोरात चाललं की खोलीत हजार वॅटचा हीटर चालू असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना याचा अर्थ काय ते तिथल्या वाचकाला सांगायला नको. कॅबिनेटमध्ये खालचं कार्ड सोडतं ती गरम हवा वरचं ओढतं, त्यामुळे आधी हाय खातं ते वरचं. उपाय बरेच आहेत: दोन कार्डांत किमान एका स्लॉटची फट, राइझर केबल, उघडी फ्रेम. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र ड्रायव्हरबरोबर फुकट येतो. एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेनं प्रत्येक ३०९०ची वीज ३५०वरून २५०-२८० वॅटवर आणा. भाषा-मॉडेलचा वेग मेमरीवर ठरत असल्यामुळे त्यात फारशी घट होत नाही, आणि पंखे शांत होतात. हे करायला एक मिनिट लागतं, तरी बहुतेक जण करत नाहीत.

सेकंड-हँड बाजारावर स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं मायनिंग एका दिवसात संपलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर विक्रीला निघाली. त्यांना सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. सतत एका तापमानावर चाललेली चिप पुष्कळदा ठणठणीत असते. ३०९०च्या बाबतीत पाहायची ती पाठ. तिच्या २४ मेमरी चिप्सपैकी १२ मागच्या बाजूला आहेत आणि त्या भयंकर तापतात. तिथले थर्मल पॅड वाळले असतील तर बदलावे लागतात. विकणारा समोर अर्धा तास भार देऊन मेमरीचं तापमान दाखवायला तयार नसेल तर उठून यावं.

सगळ्यांनी ३०९०च घ्यावी असं कुठेही सुचवायचं नाही. १२ जीबीच्या दोन ३०६० मिळून ३४० वॅटमध्ये २४ जीबी देतात. ३२ अब्जांच्या आसपासची मॉडेलं चार बिटांत त्यात बसतात, आणि मराठी घरातल्या वायरिंगलाही हे झेपतं. मेमरी सेकंदाला ३६० जीबीच वाचते, म्हणून उत्तर सावकाश येईल. विद्यार्थ्याला माझा पहिला सल्ला हीच जोडी. आणि ज्याचं काम ८ अब्जांच्या मॉडेलानं भागतं त्याला दुसऱ्या कार्डाची गरजच नाही; त्यानं हे पुस्तक मित्राला द्यावं.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. सर्व्हरची कार्डं नाहीत, चार-सहा कार्डांची मशीनं नाहीत, आणि किमती मुद्दाम छापलेल्या नाहीत, कारण छापखान्यातून पुस्तक बाहेर येईपर्यंत त्या शिळ्या होतात. लिनक्सच्या आज्ञा जिथे लागल्या तिथे पूर्ण दिल्या आहेत. वाचकानं निदान एकदा स्वतःच्या हातानं रॅमची पट्टी बदललेली असावी, एवढंच गृहीत धरलं आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या मदरबोर्डची पुस्तिका काढा आणि दुसऱ्या लांब स्लॉटपुढे काय लिहिलंय ते पाहा. स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या स्लॉटमध्ये १६, ८, ४ किंवा एकच लेन असू शकते. दोन्ही ८-८ लेनचे असतील तर कोणत्याही रीतीनं काम करता येईल. दुसरा ४ लेनचा, चिपसेटमधून आलेला असेल तरी थर वाटून मॉडेल चालवायला आणि ब्लेंडरला तो पुरतो. एकच लेन असेल तरीही मॉडेल चालेल, फक्त कार्डावर चढायला जास्त वेळ घेईल. मग पट्टी घेऊन दोन स्लॉटमधलं अंतर आणि कॅबिनेटची आतली लांबी मोजा, आणि कार्डाच्या जाडीशी ताडून पाहा. हे सगळं पैसे देण्याआधी करा. एकदा खोका उघडला की दुकानदार कार्ड परत घेत नाही.